काकांच्या शर्टाची काजं

काकूंवरचा माझा राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

प्लेगच्या सालात आख्खं सुरत पळत होतं. आई, मी आणि धाकटी बहीण गावी निघालो, तेव्हा काकू म्हणाल्या, "भाभी, तुमच्या नवागामच्या खोलीला धड कुलूप नाही. शिलाई मशीन आमच्या फ्लॅटवर ठेवते." बाबा आदल्याच वर्षी गेले होते. आमचं पोट त्या मशीनवर चालायचं. महिन्याने आम्ही परत आलो, मशीन काही परत आलं नाही. आज टेम्पो मिळत नाही, उद्या पाहुणे आहेत. वर काकूंचे परकर त्याच मशीनवर शिवले जात होते.

दिवाळीला मशीनऐवजी काकांच्या जुन्या कपड्यांची थैली आली. तिघी बायकांच्या घरात शर्ट-प्यांटी! "घालायला गडी नाही खरा, पण कापड सारू छे," काकू म्हणाल्या. "नाहीतर पोतेरं करा."

आईने पोतेरं केलं नाही. ब्लेडने एकेक शिवण उसवली आणि हातानेच बखिया घालत दोन प्यांटींमधून माझा कुडता बेतला. पट्ट्यापट्ट्यांच्या शर्टाचा बहिणीला फ्रॉक झाला. तिच्या बोटांची चाळण झाली. मी तेव्हा दहावीला होते. शेजारी बसून टाक्यागणिक काकूंना शिव्या घालत होते.

थैलीत काकांचा एक रेशमी शर्ट होता, कॉलर विरलेला. चुलतबहिणीचा साखरपुडा ठरला, तेव्हा काकूंना आहेर म्हणून त्याचाच ब्लाउज करायचं आईने ठरवलं. "खूश झाली तर मशीन देईल," ही तिची भोळी आशा. काकूंचं माप तिला पाठ होतं. डाइंग मिलमध्ये काम करणाऱ्या शेजाऱ्यांनी शर्ट राणी रंगात बुडवून आणला. आईने त्याची पुढची बाजू पाठीवर घेतली, बटणांची सहा काजं शिवून बुजवली आणि प्रत्येकावर एकेक फूल भरलं. आठ दिवस आधीच ब्लाउज नेऊन दिला, कुठल्या कापडाचा ते मात्र सांगितलं नाही.

तो इतका चपखल बसला की साखरपुड्याला काकूंनी तोच घातला. विहीणबाईंनी फुलांवरून हात फिरवला. "कुठून घेतला हो?"

"रिंग रोडच्या शोरूममधून," काकू ऐटीत म्हणाल्या.

आई शेजारीच उभी होती. तिने मान खाली घातली, आणि माझं डोकं फिरलं.

"शोरूम नाही काकू, काकांचा टाकलेला शर्ट आहे तो," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "फुलं उसवून बघा, खाली काजं निघतील. आईने हाताने शिवलाय, कारण तिचं मशीन तुम्ही दाबून ठेवलंय."

विहीणबाई खरंच वाकून बघायला लागल्या. काकूंनी घाईघाईने पाठीवरून पदर ओढून घेतला. त्या दिवशी मी बासुंदी दोन वाट्या जास्त खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच काका हातगाडीवर मशीन घेऊन आले. ते उतरवून, पाणीही न घेता निघून गेले. बाबांचा तेवढा एकच भाऊ, त्यानंतर तो कधी आमच्या दारात आला नाही.

आईने मशीनला हात लावला नाही. माझ्याकडे वळली. मग आमच्या अहिराणीत म्हणाली, "तुले मशीन जोयजे व्हतं, का तिनं पडेल तोंड?"

"काकूंचं पडलेलं तोंड," मी म्हणाले.