हात बसेपर्यंत

केजच्या एका दवाखान्यात मला अधूनमधून सलाईन लावून घ्यायला जावं लागतं. तिथं एक सिस्टर आहेत, चाळिशी उलटलेल्या. संसारात नोकरी सुटली ती सुटलीच. आता नर्सिंगची नोंदणी पुन्हा चालू करायची तर अलीकडे काम केल्याचा दाखला लागतो, म्हणून आपल्यापेक्षा लहान पोरींच्या हाताखाली राबतात. अंगात पांढरा ड्रेस, तरी नसलेला पदर सावरायला हात सारखा खांद्याकडे जातो.

सुई घेतली की आधी विचारतात, "दादा, माजा हात अजून बसला न्हाई. टोचू का?"

असं विचारल्यावर कोण घाबरणार नाही? परवा सुई चुकलीच. बाकीच्या अशा वेळी म्हणतात, "तुमच्या शिराच लई बारीक हायत." या म्हणाल्या, "माजं चुकलं."

ते ऐकून डॉक्टर म्हणाले, "ताई, कशाला एवढा त्रास? दाखल्यावर सही करून देतो, घरी जा."

माझ्या हातावर कापूस दाबून धरलेल्या त्या मान वर न करताच म्हणाल्या, "कागदाला शीर सापडती का, सायेब?"

मला सुईची लहानपणापासून धास्ती. तरी दुसऱ्या हाताची बाही मी आपणहून वर केली.