तोंडाची वाफ

घाटकोपरच्या आमच्या गाळ्यात रॉकेटचे व्हॉल्व्ह यायचे. मी लॅपिंगला. व्हॉल्व्ह जिथं मिटतो त्या कडेला सीट म्हणतात, ती घासून आरशासारखी करायची हे माझं काम. बायको चेकिंगला. शाळा दोघांचीही नावापुरती, पण नजर तिची चोख.

तिची रीत सोपी. सीटवर तोंडाची वाफ सोडायची आणि बघायचं. वाफ सगळीकडून सारखी उडाली तर सीट चांगली. कुठं रेंगाळली तर तिथं ओरखडा. सगळे जुने लोक असंच बघायचे.

एकदा टेस्टिंगला जाऊन आलेले व्हॉल्व्ह परत चेकिंगला आले. रॉकेटचं इंधन पेटवणारं तांबूस, जहरी रसायन त्यातून गेलेलं. धुऊन पाठवलेत, असा निरोप होता. तिनं वाफ सोडून बघितलं, चांगले म्हणाली, माल पॅक झाला. तिकडे रॉकेटवाल्यांनी खोकी उघडली तर सीटवर देवीच्या वणांसारखे खड्डे.

साहेबानं तिला सगळ्यांसमोर उभं केलं. "मावशी, त्या रसायनाला ओल लागली की ॲसिड होतं. तुमच्या तोंडाच्या वाफेनं माल गेला."

"ॲसिड माझ्या जिभेवर आहे साहेब, ह्यांना विचारा. वाफेत कुठनं आलं?"

कुणी हसलं नाही. उद्यापासून येऊ नका म्हणाले. मला ठेवलं, लॅपिंगला दुसरा माणूस नव्हता ना.

त्यानंतर घरात ती चहावरसुद्धा फुंकर मारीना. "नको, कप झिजेल तुमचा," म्हणायची.

यंदा ती गेली. तेराव्याला तोच साहेब आला, आता रिटायर झालेला. फोटोला हार घातला, बसला.

"काका, ते वाफेनं नव्हतं झालं हो. आत पांढरी टेफ्लॉनची रिंग असते ना, ती रसायन पिऊन बसते. वरून कितीही धुवा, मागाहून हळूहळू सोडत राहते. आपली दमट हवा तेवढ्याला पुरते."

"कधी कळलं?"

"पुढच्याच लॉटला. तेव्हा तर कुणी फुंकलंही नव्हतं."

म्हणजे ती घरी बसली आणि ह्यांना कळलं. गाळ्यापासून आमची चाळ हाकेवर. सांगायला एक माणूस आला नाही. ती मात्र मरेपर्यंत माल आपणच घालवला असं धरून बसली.

"चहा घ्या," म्हटलं, "निवतोय."

तिच्या फोटोची काच मी रोज तोंडाची वाफ सोडूनच पुसतो. काचेला अजून काही झालेलं नाही.