सुमनताईच्या नावाची ओ

चऱ्होलीत नव्या सोसायट्या उठल्या, तसे त्यांच्या पोटात निळे तलावही आले. त्यातल्या एका तलावावर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसहा एक संस्था विशेष मुलांना पोहायला शिकवायची. बारा मुलं, शिकवणारा एकटा बुद्धरत्न, आणि नियम एकच: प्रत्येक मुलामागं घरचं एक माणूस काठावर पाहिजे.

सुमनताई मूळची बीडकडची. चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाईनवर बारा वर्षं उभी. तिची स्वरूपा तेरा वर्षांची. बोलत नाही. कुकरची शिट्टी झाली की भिंतीवर डोकं आपटून घेते. पाण्यात मात्र पोर वेगळीच व्हायची. पोहणं जेमतेमच. तिला आवडायचं ते दम धरून तळाशी जाऊन बसणं. मांडी घालून, केस वर तरंगत, हाताची बोटं झुलवत. लेकीचं तसं निवांत तोंड सुमनताईनं दुसरीकडं कुठंच बघितलं नव्हतं.

पहिल्यांदा ती अशी बसली तेव्हा बुद्धरत्ननं उडी मारून तिला ओढून काढलं. ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली. संस्थेच्या शुभदा मॅडमनी बजावलं, "पुन्हा असं झालं तर नाव कमी करावं लागेल."

मग सुमनताईनंच तोड काढली. काठावर सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "ती खाली बसली तर कुणी ओढू नका. तिची बोटं बघायची. हलतात तोवर खेळतीय. थांबली की काढा. मी आहेच की इथं, माझी नजर असती."

बुद्धरत्नला ते बरंच वाटलं. त्याला अजून अकरा पोरं होती.

दोन महिने सुमनताईनं नजर हलवली नाही. मग कंपनीत ओव्हरटाइम सक्तीचा झाला. साडेतीनची सुट्टी पाचवर गेली. नको म्हणणाऱ्या दोन कंत्राटी बायका पुढच्या महिन्यात लाईनवर दिसल्याच नाहीत. नवरा ज्योतीराम टेम्पोवर. तो म्हणाला, "दारात सोडतो पोरीला. तासभर थांबायचं म्हणशील तर भाडं जातंय."

लाईनवर बायकांची एक रीत होती. एखादी बाथरूमला गेली आणि सुपरवायझरनं नाव पुकारलं, की शेजारची "हो सर" म्हणून मोकळी व्हायची. त्याला कुणी खोटं म्हणत नव्हतं. आज तुझं, उद्या माझं. तीच रीत सुमनताईनं तलावावर आणली.

छबूबाई चऱ्होलीच्या जुन्या गावातली. नातवाला, समर्थला, घेऊन यायची.

"मावशी, माझ्या नावाला ओ द्याल का? जरा उशीर होईल."

"आगं देते की! माझी जीभ झिजतीया व्हय? पर ते बोटांचं काय म्हनत व्हतीस?"

"हलतात का, तेवढंच बघायचं."

"एका डोळ्यात मोतीबिंदू हाय बाय माझ्या. दुसरा मातुर लखलखीत. सुईत दोरा ववते."

दोघी हसल्या. सुमनताई जरा जास्तच हसली.

पहिल्या खेपेला दहा मिनिटं उशीर झाला. मग वीस. पुढं पुढं ती पोचायची तेव्हा निम्मा तास संपलेला असायचा. बुद्धरत्न वहीत मान घालून नावं घ्यायचा. "स्वरूपाचे पालक?"

"हाय."

"समर्थचे?"

"त्येबी हाय."

आवाज एकच. मान वर व्हायची नाही.

त्या शुक्रवारी कंपनीची बस मोशीच्या चौकात अडकली आणि सहा वाजून गेले. सोसायटीच्या फाटकावर वॉचमननं तिला अडवलं. "ताई, एंट्री करा. मोबाईलवर नंबर येईल." नंबर येईना. सुमनताईनं तिथूनच छबूबाईला फोन लावला.

"मावशी, कुठाय स्वरूपा?"

"बसलीया की खाली. लाल कापडं दिसत्यात मला. लई गुणाची पोर. मगाधरनं जागची हालली न्हाई."

"बोटं?"

"हालत्यात."

"नीट बघा मावशी."

"आता काय सांगू बाय, समदं पानीच हालतंय. ह्या पोरांनी ढवळून ठिवलंय."

"बुद्धरत्नला हाक मारा! काढा तिला!"

"आगं, तूच म्हनलीस न्हवं, वढू नगा म्हनून?"

वॉचमन मागं ओरडत राहिला. सुमनताई पळाली. तलाव इमारतीच्या पाठीमागं, वळसा घालून. काठावर छबूबाई तिच्याकडं बघून हसतच होती. लाल कापड तळाशी कलतं झालं होतं. हात सरळ खाली लोंबत होते.

ती किंचाळली. पलीकडच्या टोकाला बुद्धरत्ननं मान वळवली आणि क्षणभर तो तसाच उभा राहिला. ओढू नका असंच त्याला सांगितलं होतं. मग त्यानं सूर मारला.

काठावर पालथी घालून त्यानं तिच्या पाठीत थापट्या मारल्या. ओठ निळे. तिसऱ्या-चौथ्या थापटीला पाणी आलं, मग खोकला, मग घशातून निघालेला एक लांब आवाज. सुमनताईनं कंपनीच्या गणवेशाच्या ओढणीनंच तिचं तोंड पुसलं.

शुभदा मॅडम ऑफिसातून धावत आल्या. "पालक कुठं होते हिचे?"

बुद्धरत्ननं वही उघडली. सुमनताई आत्ताच पळत आली, हे त्याला कळलं होतं. तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र अजून लोंबत होतं.

"हजेरी आहे, मॅडम," तो वहीतच बघत म्हणाला. "आई हजर होती."

छबूबाईनं समर्थला पदराखाली ओढून घेतलं. तिची मान खाली गेली. खरं बोललं तर हजेरी खोटी, हजेरी खोटी तर छबूबाई आणि बुद्धरत्न दोघंही अडकणार, आणि त्या दोघांबरोबर बारा पोरांचं पाणी बंद.

"होते मी," सुमनताई म्हणाली. "माझंच लक्ष नव्हतं."

"सख्खी आई काठावर बसून असं होऊ देते?" मॅडमचा आवाज चढला. "उद्यापासून हिला आणू नका."

बुद्धरत्ननं लगेच पेन काढलं आणि नावावर रेघ मारली. रेघ सरळ आली नाही.

स्वरूपाला काही कळलं नव्हतं. दम परत आला तशी ती आईच्या मिठीतून एक खांदा सोडवून पाण्याकडं सरकू लागली. सुमनताईनं तिचं मनगट धरलं. पोरीनं दात रोवले, तरी ते तिनं सोडलं नाही.