सिंधूची मनी आणि आमच्या नलूअक्का

आधारगृहात कार्यकर्ती म्हणून उमेदीची वर्षं घालवली म्हटलं, की लोक चेहरा पाडतात. हिच्याकडे रडगाणीच साठली असणार, असं वाटतं त्यांना. छे हो! जळगावच्या त्या घरात आम्ही बाया एवढ्या हसायचो, की शेजारच्या डाळमिलचा मुनीम भिंतीवरून डोकावायचा.

आजकाल ट्रेनिंगमध्ये ‘ट्रॉमा-इन्फॉर्म्ड’ वगैरे, म्हणजे घाव सोसलेल्या माणसाशी जपून वागणं, शिकवतात. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे तो शब्द नव्हता, नलूअक्का होत्या! आमच्या अधीक्षिका. आता त्या नाहीत, आणि मला त्यांची फार आठवण येते.

*

अक्कांचा नियम होता: आलेल्या बाईला ‘काय झालं?’ असं विचारायचं नाही. ती सांगेल तेव्हा ऐकायचं.

एकदा एक देणगीदार आले. खुर्ची टाकून बायांना म्हणाले, "बोला, तुमचं दुःख सांगा."

अक्का म्हणाल्या, "भाऊ, आधी तुमचं सांगा की!"

गृहस्थ गडबडले, आणि मग खरंच सुरू झाले. बायको, मेहुणा, मूळव्याध, बठ्ठं, सगळंच! शेवटी बायांनीच त्यांची समजूत काढली आणि चहा पाजून पाठवलं.

*

सिंधूचं माहेर भडगावकडचं, सासर धुळ्याकडे. नवऱ्याने मारून घराबाहेर काढलं आणि लहानगी मनी ठेवून घेतली. पोर परत मिळावी, एवढाच सिंधूचा ध्यास. केस कोर्टात होती.

एका दुपारी भरताचा बेत होता. भाजलेली वांगी लाकडी बडगीत धपाधप कुटायला लागलो, तर सिंधू पलंगाखाली! मी तिला ओढायला निघाले, तर अक्कांनी मला थांबवलं. स्वतः फरशीवर बसल्या आणि आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "भरीत शे, बाई. वाटेल तेव्हा बाहेर ये."

पुढच्या खेपेला मुसळ सिंधूच्याच हातात दिलं. तिने असं काही कुटलं, की अक्का ओरडल्या, "अगं, भरीत सांगितलं होतं, रस्सा नाही!"

सिंधू त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

*

मग धुळ्याहून हवालदार तिचा जबाब घ्यायला आले. बूट वाजले तशी सिंधूची वाचाच बसली. अक्कांनी त्यांना टोपी काढायला लावली, सतरंजीवर बसवलं आणि पुढ्यात लसूण ठेवला. "सोला!"

साहेब सोलत राहिले, सिंधू हळूहळू बोलत राहिली.

पुन्हा आले ते पिशवी घेऊनच. "अक्का, जबाब बाकी शे. लसूण घरचाच आणलाय!"

*

सिंधू मनीसाठी फ्रॉक शिवायची. प्रत्येक फ्रॉक आधीच्यापेक्षा मोठा. "वाढली असेल ना आता!"

अक्का चिडवायच्या, "हा घालून पोर बोहल्यावर उभी राहील!" सिंधू हसायची, आणि हसता हसता तिचे डोळे भरायचे. मग आमचेही.

*

अखेर कोर्टाने सांगितलं, पोर आईजवळ रमते का ते आधी बघू. मनीचे आजोबा, सिंधूचे सासरे, तिला घेऊन आले. आम्ही सगळ्या स्वयंपाकघराच्या दारात, जीव मुठीत धरून उभ्या.

मनी आजोबांच्या धोतराआड लपली. "तुनी माय शे ती, जा," आजोबा म्हणाले. पोरगी हलेना.

सिंधूचे हात पुढे झाले, आणि मागे आले. तिने हाक मारली नाही. फरशीवर बसली, मनीकडे पाठ केली, अंबाडा सोडला आणि कंगवा मागे ठेवून दिला. मला वाटलं, झालं, हिने हाय खाल्ली!

मग मनी आली. कंगवा उचलून आईच्या केसांत घातला, तो गुंत्यात अडकला.

"दुखस का?"

"नही व. वढ तू."