जावेची ओळ
“एकलीच उनी का अक्का?” ढोलकीवाल्या नानांनी विचारलं, तेव्हा आत्या नुसती हसली. जळगावच्या रेडिओवर आत्या आणि तिची जाऊ कित्येक वर्षं अहिराणी गाणी म्हणत. गावोगावचे लोक त्यांना ‘रेडिओवाल्या जावा’ म्हणूनच ओळखत. ती जाऊ आता लेकाकडे सुरतेला कायमची राहायला गेली होती, म्हणून देवपूरहून एस.टी.नं आत्यासोबत मी आले होते. स्टुडिओत जाड पडद्यांचा कोंदट वास होता. तांबडा दिवा लागला. आत्यानं पहिली ओळ म्हटली, “तापीना पूर उतरी गया व बाई,” आणि सवयीनं थांबली, कारण उत्तराची, भाऊ न्यायला आल्याची ओळ नेहमी जाऊ म्हणायची. नाना नुसतीच ढोलकी वाजवत राहिले. “मावशी, दोन्ही ओळी तुम्हीच म्हणा ना,” काचेपलीकडून रेकॉर्डिंगचे साहेब म्हणाले. “ती ओळ तिनी शे. मी कशी म्हनू?” साहेबांनी घड्याळ पाहिलं. “मग आज राहू द्या. जोडी जमेल तेव्हा या.” आत्या पदर सावरत उठली. जोडी आता जमणार नाही, हे तिला ठाऊक होतं. गाणं मला पाठ होतं, पण कॉन्व्हेंटच्या मैत्रिणी हसतील या भीतीनं मी घरातसुद्धा अहिराणी बोलत नसे. त्या दिवशी मात्र मी आत्याला हाताला धरून खाली बसवलं, आणि तिनं पुन्हा पहिली ओळ म्हटल्यावर मोठ्यानं म्हटलं, “मन्हा भाऊ माले लेवाले उना.”