काढणं बसतं

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत तिला सगळे ‘मुकी’ म्हणत. ती मुकी नव्हती. कामाला लागली तेव्हा तर तिचं नाव ‘रेडिओ’ पडलं होतं. चादरींच्या मोठ्या रोलरचा खडखडाट चालू असतानाही तिचा आवाज पलीकडच्या भिंतीपर्यंत पोचायचा. सुपरवायझरची नक्कल ती अशी हुबेहूब करायची, की एकदा तो स्वतःच मागे उभा राहून हसून गेला होता.

मग दात जायला लागले.

पहिली दाढ गेली तेव्हा मुलगी सहा महिन्यांची होती. सरकारी विम्याचं कार्ड घेऊन ती दातांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी आरशाने बघितलं आणि म्हणाल्या, कीड फार खोल नाही, भरली तर दाढ राहील. पण भरणं कार्डात बसत नाही. मोठ्या माणसांचं फक्त काढणं बसतं. भरायचीच असेल तर बाहेर भरून घ्या. बाहेरच्या दवाखान्याची पायरी चढायची तिची ऐपत नव्हती आणि ठणका तर थांबत नव्हता. ‘मग काढा,’ ती म्हणाली.

पुढच्या सतरा वर्षांत ती हे दोन शब्द अकरा वेळा म्हणाली. समोरचे तीन गेल्यावर ‘साहेब’ म्हणताना फस्सकन हवा सुटू लागली. लाँड्रीत नवीन आलेली एक पोरगी त्यावर हसली. मनात काही नव्हतं तिच्या, हसू आलं म्हणून हसली. पण त्या दिवसापासून ‘रेडिओ’ बंद पडला. कवळीचं विचारून झालं होतं. तीही कार्डात बसत नव्हती. ती मान हलवून हो-नाही सांगू लागली, आणि आधीचं नाव लोक विसरूनही गेले.

मुलीचं मात्र तिने असं होऊ दिलं नाही. अठरा वर्षांपर्यंत पोरांचं सगळं कार्डात बसत होतं: तपासणी, साफसफाई, भरणं, सगळं. हे कळल्यापासून दर सहा महिन्यांनी, शिफ्ट बदलून घेऊन, ती मुलीला खुर्चीत नेऊन बसवायची. नवरा ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. तो चेष्टा करायचा, पोरीचं लग्न डॉक्टरशीच लावणार वाटतं. ती पुढची तारीख पाठ करून ठेवायची. मुलीचे दात एका ओळीत, पांढरेशुभ्र होते, आणि ती हसली की आईला आपण आयुष्यात एक तरी काम नीट केलं असं वाटायचं. मुलीला बालवाडीची शिक्षिका व्हायचं होतं. जिन्यात शेजारची चिल्लीपिल्ली गोळा करून ती त्यांना गाणी शिकवायची.

त्याच जिन्यात सतराव्या वर्षी तिचा पाय घसरला. हातात पाण्याचा डबा होता, तोंड कठड्यावर आपटलं आणि पुढचा दात अर्धा तुटला.

डॉक्टरीणबाईंनी त्याच दिवशी दाताची नस काढून आत औषध भरलं आणि वर तात्पुरतं सिमेंट लावलं. म्हणाल्या, घाबरू नका, दात वाचेल. अजून दोन वेळा यायचं, मुळापर्यंत पक्कं भरायचं, मग वरून टोपी बसवायची. पण पुढची तारीख यायच्या आत त्यांची बदली झाली. जागा रिकामी राहिली; दुसऱ्या दवाखान्यातले एक डॉक्टर सकाळी तासभर येऊन मोजकेच नंबर घ्यायचे. तारीख एकदा पुढे गेली, दोनदा गेली. शेवटी खिडकीवरच्या कारकुनाने नवीन तारीख दिली ती मुलीच्या अठराव्या वाढदिवसानंतर नऊ दिवसांची.

एरवी कुणाशी न बोलणारी ही बाई त्या खिडकीपाशी खाली वाकून बोलली. ‘साहेब, दात तुटला तेव्हा लहानच होती. काम तुम्हीच सुरू केलंय. अर्धं तुम्हीच ठेवलंय.’

कारकून वाईट नव्हता. त्याने नियमांची फाईल काढली, पान शोधलं आणि बोट ठेवून वाचून दाखवलं: वय धरायचं ते उपचाराच्या दिवशीचं. मग आवाज खाली आणून म्हणाला, ‘मावशी, अर्ज करून ठेवा. आणि सकाळी येऊन बसत जा. कुणी गैरहजर राहिलं तर घेतो तुमचं नाव.’

तिने अर्ज केला. आणि रोज सकाळी, दुपारची शिफ्ट मागून घेऊन, मुलीला बरोबर घेऊन त्या बाकावर बसू लागली. दात पाच-सहा दिवस बसून मिळत असेल तर बसायला काय जातंय, असं तिचं म्हणणं. पण सहाचे सोळा झाले. सगळे वेळेवर यायचे. दाताच्या दुखण्याने आलेला माणूस कशाला चुकवतोय नंबर?

वाढदिवसाच्या आदल्या दिवशी एकजण आला नाही. कारकुनाने मुलीला हाक मारली. दोघी उठल्या. तेवढ्यात दारातून एक आजी आत आली. कडेवर पाचेक वर्षांची नात, गाल लिंबाएवढा सुजलेला, डोळा मिटत आलेला. आज नंबर नाही, उद्या या, कारकून सांगत होता, आणि सांगताना त्याची नजर या दोघींकडे जात होती.

तिने मुलीचा दंड घट्ट धरला. चल आत, तिला म्हणायचं होतं. आपण सोळा दिवस बसलोय. पण मुलगी जागची हलली नाही.

‘आई, तिला जाऊ दे,’ ती म्हणाली.

आई नाही म्हणू शकली असती. पण त्या चिमुरडीकडे बघत कुणी कसं नाही म्हणणार? तिने हात सोडला. आजीने आत जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि तिला तो हात झटकून टाकावासा वाटला. घरी परतताना ती मुलीच्या दोन पावलं पुढे चालत राहिली. राग कुणावर धरावा तेच तिला कळत नव्हतं. एवढ्या चांगल्या मनाची पोर आपणच वाढवली, तर रागवायचं तरी कसं?

तात्पुरतं सिमेंट फार दिवस टिकलं नाही. महिनाभरात निघालं, हिरडी फुगली, ताप भरला. दवाखान्यात आता नवीन डॉक्टर आला होता, कोवळा पोरगाच. त्याने फोटो काढून बघितला. दात अजूनही वाचेल, पण भरणं आता कार्डात... तो अडखळला. पुढचं वाक्य तिला पाठ होतं. ती मुलीकडे बघत राहिली. मुलगी खुर्चीत आडवी, गाल धरून, घामाने भिजलेली.

‘मग काढा,’ मुलगीच म्हणाली.

सुई टोचताना आई बाहेर आली नाही. शेजारी उभी राहून तिने मुलीचे पाय धरून ठेवले. वेळ फार लागला नाही. डॉक्टरने कापूस कसा दाबून धरायचा ते दोनदा समजावलं, जणू त्या घरात हे कुणालाच माहीत नव्हतं.

अर्जाचं उत्तर पुढे आलं. जन्माचा दाखला जोडा म्हणून. तिने ते वाचून घडी घालून कपाटात ठेवलं.

बालवाडीच्या कोर्सला मुलाखत होती. मुलगी सकाळी तयार झाली, आरशासमोर ओठ मिटून उभी राहिली आणि परत कपडे बदलून बसली. दोन महिन्यांनी तिला औषधं भरायच्या कारखान्यात पॅकिंगचं काम मिळालं. पहिल्या दिवशी घरी आली ती खुशीत. काम सोपं आहे, म्हणाली, बायकाही चांगल्या आहेत. आणि तिथे सगळेच दिवसभर तोंडाला मास्क लावतात.

‘आणि कोर्स?’ आईने विचारलं.

‘बघू ना, पुढच्या वर्षी.’

आईने मान हलवली आणि उद्याच्या शिफ्टचे कपडे काढून खुर्चीवर ठेवले, आधी आपले, मग तिचे.