वाकायचं नाही

"बाई, तुमच्या मणक्याला टीबी झालाय," डॉक्टर म्हणाले.

मी त्यांच्या तोंडाकडं बघतच राहिले. टीबी म्हणजे क्षय, तो छातीला होतो, माणूस खोकून खोकून जातो, एवढंच ऐकलेलं. मला तर साधा ठसकाही नव्हता. नुसती पाठ दुखायची. कुरवंड्याहून लोणावळ्याला दुधाची कासंडी डोक्यावर घेऊन जायचं तर पाठ दुखणारच, असं म्हणत मी दुखणं अंगावर काढलं होतं. बायांनो, तुम्ही तसं करू नका.

डॉक्टरांनी एक्स-रे, म्हणजे आतल्या हाडांचा फोटो, उजेडाला धरून दाखवला. "हाड पोखरलंय. प्लास्टर घालून निजून राहावं लागेल. किती महिने, ते आत्ताच सांगता येत नाही."

"आन् माझी पोर?" मी विचारलं.

मालक जाऊन दोन वर्षं झाली होती. घरात मी आणि पाच वर्षांची चंद्रा, दुसरं कोणी नाही. दीर दवाखान्याच्या पायरीवरच म्हणाले, "वहिनी, पोर आमच्याकडं ऱ्हाऊ दे. खाचर बी आमीच करतो." बोलणं गोड, पण दिरांच्या हातात गेलेलं भाताचं खाचर माघारी येत नाही, हे साऱ्या गावाला ठाऊक. आणि खाचर गेलं की चंद्राला घेऊन मी कोणाच्या दारात उभी राहणार होते?

त्या धर्मादाय दवाखान्यात लोणावळ्यातल्या महिला मंडळाच्या बायका येत असत. त्यांतल्या एक काकू माझ्या खाटेजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "मुलगी आमच्या वसतिगृहात राहील. पण राहील तुमचीच. दर रविवारी तुमच्यापुढं आणून उभी करीन." त्यांनी शब्द पाळला. त्या वर्षी खाचर पडीक राहिलं. राहू दे म्हटलं, पडीक का होईना, माझं तरी आहे.

प्लास्टर म्हणजे काय विचारता! भिंतीला करतात तसा मला छातीपासून कमरेपर्यंत गिलावाच केला. आत खाज सुटली की जीव नकोसा व्हायचा. कुशीवर वळायचं तरी नर्सबाई हवी. एका रविवारी चंद्रा खिडकीतून लाजत लाजत माझ्याकडं बघायला लागली, परकी असल्यागत. त्या दिवशी मी खूप रडले. खोटं कशाला सांगू, मरण आलं तर बरं असंही वाटलं.

पण हाड भरलं. प्लास्टर कापलं, कमरेला पट्टा आला. डॉक्टर म्हणाले, "आता एवढंच ध्यानात ठेवा. वाकायचं नाही. उकिडवं बसा, बसून उचला, पण कमरेतून वाकायचं नाही."

काकू हळूच म्हणाल्या, "आणि दिरांपुढं तर मुळीच नाही!"

मी पोट धरून हसले. पट्टा टोचला तरी हसले.

वसतिगृहातून चंद्राला घेतलं आणि मंडळाच्या नर्सबाई माझ्याबरोबर कुरवंड्याला आल्या. चुलीखाली मातीचा उंच ओटा घालून घेतला आणि पाठ ताठ ठेवून घागर कशी उचलायची ते शिकवलं. "उभ्यानं सैपाक करती, मडमेवानी!" असं बायका मागं बोलायच्या. तोंडावर मात्र सगळ्यांचा आवाज मऊ. "बस गं, तू नगं करू." त्या मऊ आवाजाचा मला वीट आला होता.

सगळं जमलं, पण लावणी आली आणि मी हात टेकले. भात लावायचं म्हणजे दिवसभर चिखलात वाकूनच. दिरांना अर्धेलीनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या बोलीवर, खाचर द्यायचं मी मनाशी ठरवलंही होतं. तेवढ्यात शेजारची सोनामावशी बायकांना घेऊन आली आणि दिवस मावळायच्या आत माझं खाचर लावून मोकळी झाली. मी भाकऱ्या थापल्या, वाढल्या, पण त्यांच्या पंगतीला बसले नाही. आपली कीव करून गेल्या, असं वाटलं.

सकाळी सोनामावशी दारात हजर. "ठके, अजून घरातच? आज आमच्याकडं लावणी हाय. तुझी पडकई कोण फेडायचं?"

पडकई म्हणजे आज तुम्ही आमच्या शेतात राबलात तर उद्या आम्ही तुमच्या. ज्याच्याकडून फेडीची आशा नाही, त्याच्याशी पडकई कोणी करत नाही.

"मावशी, मला वाकायचं न्हाई..."

"मग बस की! आवण काय उभ्यानं काढत्यात व्हय?"

आवण म्हणजे भाताची रोपं. ती बसूनच उपटायची आणि मुठी बांधून लावणाऱ्यांकडं द्यायची. जन्मभर करत आलेलं काम, आणि मला ते सुचू नये! वाकायचं नाही म्हणजे शेतातच जायचं नाही, असं मी खुळ्यासारखं धरून बसले होते. पाट घेतला, चंद्राला घेतलं आणि पट्टा आवळून वाफ्यात जाऊन बसले. बांधावरून जाणारे दीर थांबले, बघितलं, आणि पुढं गेले.

डॉक्टरांचे, काकूंचे, नर्सबाईंचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. रोज दिवा लावताना त्यांची आठवण काढते.

त्या दिवशी बोटं आखडली म्हणून मी जरा थांबले, तर खाचरातून सोनामावशी कडाडली, "ए ठके, झोपलीस का काय? हात चालीव! हितं मुठी कमी पडत्यात!"

आजारी पडल्यापासून माझ्यावर कोणी असं ओरडलं नव्हतं. डोळे पाण्यानं भरले. "आले, आले!" म्हणत मी भराभर हात चालवला.